सेंट पॅट्रिक्स डेसाठी घरच्या घरी रंगीत पेये: नव्या यजमानांसाठी मार्गदर्शन

१७ मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे हा आयर्लंडचा राष्ट्रीय सण असून १९०३ पासून तो तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. नोकरी किंवा शिक्षणानिमित्त डब्लिन, कॉर्क, गॉलवे येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांवर आयरिश सहकाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना या दिवशी घरी बोलावण्याची वेळ कधी ना कधी येतेच. खाण्याचे पदार्थ चटकन ठरतात. परंतु प्यायला काय ठेवावे आणि ते सणाला शोभेलसे रंगीत कसे करावे, येथे घोडे अडते. अशा वेळी पुष्कळ जण हिरव्या खाद्यरंगाची बाटली आणून ती दिसेल त्या पेयात रिकामी करतात. त्याने पाहुण्यांच्या जिभा आणि यजमानांचा गालिचा हिरवा होतो, पेयाची चव मात्र होती तशीच राहते किंवा बिघडते. पेय आधी चवीला जमावे, त्याचा रंग शक्यतो त्यातल्या घटकांतूनच यावा आणि बाटलीतला रंग लागलाच तर तो थेंबाने मोजून घालावा, या क्रमाने पुढील सर्व कृती दिल्या आहेत.

हिरव्या रंगाविषयी आधी थोडेसे

हिरवी बिअर ही आयर्लंडची परंपरा नव्हे, तर अमेरिकेत रुजलेली गंमत आहे. न्यूयॉर्कमधील थॉमस कर्टिन या डॉक्टरांनी १९१४ मध्ये एका क्लबच्या मेजवानीत हिरवी बिअर पाजल्याची वृत्तपत्रीय नोंद आहे, आणि ती हिरवी झाली होती कपड्यांना घालतात त्या निळीच्या थेंबाने. (नीळ पोटात घेण्याची वस्तू नाही, हे सांगण्याची गरज नसावी.) शिकागोत १९६२ पासून नदीच हिरवी करतात, पहिल्या वर्षी १०० पौंड रंग ओतला गेला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. खुद्द आयर्लंडमध्ये मात्र १९२७ च्या कायद्याने या दिवशी पब बंद ठेवावे लागत, आणि ते बंधन १९६० मध्ये उठले. तात्पर्य, तुमचे आयरिश पाहुणे हिरव्या बिअरची वाट पाहत येणार नाहीत. काही जण ती पाहून नाकही मुरडतील. ती ठेवायचीच असेल तर थट्टेचा भाग म्हणून एखादाच जग ठेवावा.

शिवाय ज्यांच्या नावाने हा सण होतो त्या संत पॅट्रिकचा जुना रंग हिरवा नव्हे, निळा मानला जातो. १७८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ सेंट पॅट्रिक’ या मानाच्या पदवीसाठी आकाशी निळा रंग निवडला गेला होता, आणि आयर्लंडच्या राजचिन्हातील सोनेरी वीणा आजही निळ्या पार्श्वभूमीवरच असते. हिरव्याला राजकीय तेज चढले ते ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावाच्या काळात. मेजावर हिरव्याच्या जोडीला एखादे निळे पेय ठेवले तर जाणत्या पाहुण्याला त्याचे विशेष कौतुक वाटेल.

किती आणि काय ठरवावे

दहा पाहुण्यांसाठी चार पेये पुरेशी होतात: एक मद्यविरहित हिरवे सरबत, एक हिरवे कॉकटेल, एक तिरंगी पेय आणि शेवटी काळी-पांढरी आयरिश कॉफी. पहिल्या तासात माणशी दोन पेले आणि नंतर ताशी एक असा अंदाज धरावा. बर्फ माणशी अर्धा किलो लागतो, आणि घरगुती फ्रीजरच्या साच्यांत तो कधीच पुरत नाही, म्हणून पिशवीबंद बर्फ विकत आणलेला बरा.

आयर्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून मद्याला किमान किंमत लागू आहे: प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलमागे १० सेंट. त्यामुळे ७०० मिलीलिटरची, ४० टक्के तीव्रतेची व्हिस्कीची बाटली कोणत्याही दुकानात २२ युरोंपेक्षा स्वस्त मिळत नाही. सवलतीच्या शोधात चार दुकाने पालथी घालण्यात अर्थ नाही. दुकानांतील मद्यविक्री रात्री १० वाजता थांबते, म्हणून खरेदी आदल्या दिवशीच उरकावी.

शाकाहारी पाहुण्यांसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गिनेस ही गडद आयरिश बिअर नितळ करण्यासाठी पूर्वी माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरत असत. ती पद्धत कंपनीने आता सोडली आहे. लालसर पेयांमध्ये मात्र ई १२० हा कीटकांपासून काढलेला रंग असू शकतो, तेव्हा बाटलीवरील बारीक अक्षरे वाचावीत. मुलांसाठी काही घेताना ई १०२ म्हणजे टारट्राझिन या पिवळ्या रंगाकडे लक्ष द्यावे. हिरव्या रंगात तो अनेकदा निळ्यासोबत मिसळलेला असतो, आणि त्याचा मुलांच्या चंचलतेवर व एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो असा इशारा युरोपीय संघात वेष्टनावर छापावा लागतो.

हिरवा रंग टिकतो कसा आणि जातो कसा

नवख्यांची फसगत बहुतेक वेळा येथेच होते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. पुदिना, पालक किंवा कोथिंबीर यांचा हिरवेपणा हरितद्रव्याचा असतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. लिंबाचा रस पडला की आम्लामुळे ते निघून जाते आणि पोपटी रंगाचा शेवाळी, मग मातकट तपकिरी होतो. सकाळी लिंबू पिळून ठेवलेले पुदिन्याचे सरबत संध्याकाळी गढूळ दिसते ते यामुळेच. पानांमधील विकरेही (एन्झाइम्स) रंग बिघडवतात. उपाय दोन आहेत. पाने उकळत्या पाण्यात १५ ते २० सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत, म्हणजे विकरे निष्क्रिय होतात. आणि लिंबू पेला हातात देण्याच्या क्षणी, सर्वांत शेवटी घालावे.

दुसरा मार्ग रंगांच्या मिश्रणाचा आहे. निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो, हे शाळेतल्या रंगपेटीचे ज्ञान येथे उपयोगी पडते. संत्र्याचा किंवा अननसाचा रस आधीच पिवळा असतो. त्यात निळे क्युरासाव (संत्र्याच्या सालीचे गोड मद्य) घातले की वेगळा हिरवा रंग लागतच नाही. लागर बिअरही पिवळीच असते, म्हणून तिला हिरव्यापेक्षा निळ्या रंगाचा एखादा थेंब अधिक मानवतो. कर्टिन यांची नीळ कामी आली ती याच नियमाने. उलट गिनेससारख्या गडद बिअरमध्ये कितीही रंग ओतला तरी काही दिसत नाही. फक्त फेस विचित्र होतो. तो प्रयोग करूच नये.

गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग हल्ली लोकप्रिय आहे. कोमट पाण्यात सुकी फुले पाच मिनिटे ठेवली की गर्द निळा अर्क मिळतो, परंतु त्यात लिंबू पडताच तो जांभळा होतो. म्हणून हिरव्या सरबतासाठी गोकर्ण निरुपयोगी आहे. पॅट्रिकच्या निळ्या रंगासाठी मात्र तो उत्तम: पेल्यात बर्फ, साखरेचा थोडा पाक, थंड पाणी आणि वरून निळा अर्क. सोबत लिंबाची फोड वेगळी द्यावी आणि पाहुण्यांनाच ती पिळू द्यावी. मुलांना हे पेय फार आवडते.

भारतीय दुकानांत मिळणारे खसाचे सरबत हा आपल्याकडचा तयार पर्याय आहे. त्याचा गर्द हिरवा रंग बहुधा कृत्रिम असतो, त्यामुळे लिंबाने तो उतरत नाही. आयरिश पाहुण्यांना खसाचा वास अपरिचित असतो; म्हणून पहिल्यांदा देताना नेहमीच्या निम्मेच सरबत घालून सोडा आणि लिंबू वाढवावे.

पुदिन्याचे हिरवे सरबत (दहा पेले)

आदल्या दिवशी २०० ग्रॅम साखर २०० मिलीलिटर पाण्यात विरघळवून एक उकळी आणावी आणि हा पाक पूर्ण थंड होऊ द्यावा. गरम पाकात पुदिना टाकण्याचा मोह आवरावा. वास येतो, पण रंग करपल्यासारखा होतो. मेजवानीच्या दिवशी पुदिन्याच्या दोन मोठ्या जुड्यांची पाने वर सांगितल्याप्रमाणे उकळत्या आणि मग बर्फाच्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून, थंड पाकासोबत मिक्सरमध्ये अगदी बारीक फिरवावीत आणि मिश्रण बारीक गाळणीतून किंवा स्वच्छ मलमलीतून गाळावे. चिमूटभर मीठ घालण्यास विसरू नये. सुमारे ३०० मिलीलिटर हिरवा पाक मिळतो आणि तो फ्रीजमध्ये दिवसभर चांगला राहतो.

देताना प्रत्येक पेल्यात ३० मिलीलिटर पाक तळाशी घालावा, पेला बर्फाने भरावा, १५० मिलीलिटर थंड सोडा कडेने ओतावा आणि शेवटी १५ मिलीलिटर लिंबाचा रस वरून सोडावा. न ढवळता दिल्यास तळाशी गर्द आणि वर फिकट असा सुंदर उतार दिसतो. सगळे एकाच मोठ्या भांड्यात कालवून ठेवण्याचा आळशी मार्ग घेतला तर अर्ध्या तासात रंग उतरू लागतो.

हिरवे कॉकटेल आणि हिरवी बिअर

कॉकटेलसाठी बर्फाने भरलेल्या पेल्यात ३५ मिलीलिटर आयरिश व्हिस्की किंवा आयरिश जिन, २० मिलीलिटर निळे क्युरासाव आणि ८० मिलीलिटर अननसाचा रस घेऊन हलक्या हाताने ढवळावे. अननसाने रंग समुद्रासारखा निळसर हिरवा येतो, संत्र्याने शेवाळी. मला अननसाचाच पसंत आहे. व्हिस्कीच्या सोनेरी छटेने हिरवा थोडा गडद होतो, जिनने तो स्वच्छ राहतो. आयरिश पबमध्ये मद्याचे एक माप ३५.५ मिलीलिटरचे असते, तेव्हा मोजपात्र हाताशी ठेवून तेवढेच घालावे. अंदाजाने ओतलेले माप घरी हमखास दीडपट भरते. क्युरासावचे मद्यविरहित सरबतही मिळते, आणि व्हिस्की वगळून तेच घातले की मद्य न घेणाऱ्यांसाठी तोच रंग साधतो.

हिरव्या बिअरसाठी रंग आधी, बिअर नंतर. रिकाम्या पेल्यात द्रवरूप निळ्या रंगाचा एक थेंब किंवा हिरव्याचे तीन-चार थेंब टाकावेत आणि फिकट लागर तिरक्या पेल्यात कडेने ओतावी. ओतण्याच्या जोरानेच रंग मिसळतो. भरलेल्या पेल्यात रंग टाकून चमच्याने ढवळले तर वायू निघून बिअर मिळमिळीत होते. जेल स्वरूपातील रंग असेल तर तो आधी चमचाभर पाण्यात विरघळवावा, नाही तर तळाशी गुठळी बसते.

तिरंगी पेय

आयर्लंडचा हिरवा, पांढरा, नारिंगी ध्वज थॉमस फ्रान्सिस मार यांनी १८४८ मध्ये वॉटरफर्ड येथे प्रथम फडकवला. त्याचे पट्टे उभे असतात, पण पेल्यात थर आडवेच बसतात, आणि तळाशी हिरवा, मध्ये पांढरा, वर नारिंगी असा पेला समोर आला की मराठी घरातल्या कोणालाही तो २६ जानेवारीचा वाटतो. आयरिश पाहुण्यांना हे साम्य जरूर दाखवावे. गप्पांना छान विषय मिळतो.

थरांचे तत्त्व सोपे आहे: ज्या द्रवात साखर जास्त तो जड आणि खाली, ज्यात साखर कमी किंवा मद्य जास्त तो हलका आणि वर. मद्याच्या छोट्या पेल्यात हे चटकन जमते. १५ मिलीलिटर हिरवे क्रेम द मांथ (पुदिन्याचे गोड मद्य) तळाशी, त्यावर १५ मिलीलिटर आयरिश क्रीम (व्हिस्की आणि क्रीमचे गोड मद्य) आणि त्यावर १५ मिलीलिटर ग्राँ मार्निए (संत्र्याचे मद्य), हा क्रम ठेवावा. दुसरा व तिसरा थर चमच्याची पालथी बाजू खालच्या थराला जवळजवळ टेकवून, तिच्यावरून थेंबथेंब सोडावा. या इवल्याशा पेल्यात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे आयरिश हिशेबाने मद्याचे एक पूर्ण प्रमाण. वर ग्राँ मार्निएऐवजी संत्र्याचा रस ओतण्याचा विचार मनातही आणू नये. त्यातील आम्लाने खालचे क्रीम फाटते.

मद्यविरहित तिरंग्यातही तीच अडचण येते: दूध आणि संत्रे एकत्र आले की दूध नासते. म्हणून पांढरा थर दुधाचा न करता दह्याचा करावा, कारण दही आधीच आंबलेले असल्याने त्याला आम्लाचे भय नाही. सहा पेल्यांसाठी उकळत्या पाण्यातून काढलेला मूठभर पालक, दोन पिकलेली केळी आणि तीन मोठे चमचे साखर थोड्या बर्फासह मिक्सरमधून दाट फिरवून तळाशी घालावी, आणि पेले २० मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावेत. त्यावर ३०० ग्रॅम घट्ट दही दोन लहान चमचे साखर घालून फेटून चमच्याने पसरावे आणि पुन्हा दहा मिनिटे गार करावे. सर्वांत वर साखर न घातलेला संत्र्याचा रस, बर्फाच्या चुऱ्यासह, चमच्यावरून हळुवार सोडावा. पालकाची चव केळ्यात लागत नाही. हिरव्या थरासाठी किवी सुचवलेली अनेकदा दिसते. किवीतील विकर दह्यातील प्रथिने तोडते आणि काही वेळाने पेय कडवट लागते, म्हणून तिला दह्यापासून लांब ठेवावे.

पेल्यात दोन रंग दिसावेत म्हणून फिकट बिअरवर गिनेसचा काळा थर सोडण्याची पद्धतही आहे. गिनेस दिसायला जड, पण घनतेने हलकी असल्याने ती वर तरंगते. या दुरंगी पेयाला अमेरिकेत ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणतात. आयर्लंडमध्ये मात्र ते १९२० च्या सुमारास दडपशाहीसाठी पाठवलेल्या ब्रिटिश दलाचे नाव आहे. पाहुण्यांपुढे पेला ठेवताना ‘हाफ अँड हाफ’ एवढेच म्हणावे.

आयरिश कॉफी

हे पेय १९४० च्या दशकात लिमरिक परगण्यातील फॉइन्स येथे, समुद्री विमानांच्या तळावर, जो शेरिडन या आचाऱ्याने थंडीने गारठलेल्या प्रवाशांसाठी तयार केले. गरम पाण्याने तापवलेल्या पेल्यात दोन लहान चमचे तपकिरी साखर, ३५ मिलीलिटर आयरिश व्हिस्की आणि १२० मिलीलिटर कडक गरम कॉफी घेऊन साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. साखर टाळू नये. तिच्यामुळे कॉफी जड होते आणि क्रीम वर टिकते. ताजे थंड क्रीम थोडेसेच फेटावे. ते चमच्यावरून ओघळले पाहिजे, गोळा होऊन बसता कामा नये. ते चमच्याच्या पाठीवरून बोटभर थरात सोडावे आणि नंतर ढवळू नये. या क्रीमला हिरवा रंग देणारेही असतात. काळ्यावर पांढरे हेच या पेयाचे रूप आहे, त्याला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सजावट आणि शेवटची आवराआवर

सणाची खूण म्हणजे शॅमरॉक ही छोटी हिरवी वनस्पती, आणि तिला पाने तीनच असतात. चार पानांचा क्लोव्हर हे नशिबाचे चिन्ह निराळे. दर वर्षी आयरिश पंतप्रधान अमेरिकेच्या अध्यक्षांना शॅमरॉकचे भांडे भेट देतात, आणि ज्यांच्या वडिलांचे घराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे ते लिओ वराडकर यांनीही पंतप्रधान असताना ही प्रथा पाळली. घरी सजावटीसाठी पुदिन्याची तीन पाने पुरतात. हिरव्या ढोबळी मिरचीचा आडवा काप शॅमरॉकसारखा दिसतो, पण तो पेल्याच्या काठालाच अडकवावा. आत पडला तर पेयाला मिरचीचा वास लागतो. फुलवाल्याकडचे शॅमरॉक खाण्यासाठी वाढवलेले नसते, म्हणून ते कोटावरच लावलेले बरे.

मुलांची पेये वेगळ्या आकाराच्या पेल्यांत आणि वेगळ्या मेजावर ठेवावीत, कारण रंगाने सारखी दिसणारी दोन पेये गर्दीत सहज बदलतात. जगवर पेयाचे नाव आणि त्यात मद्य आहे की नाही ते ठळक लिहावे. साध्या लागरचा एक पाइंट म्हणजे अल्कोहोलचे जवळपास दोन प्रमाण. आयर्लंडमध्ये वाहनचालकांसाठी रक्तातील मर्यादा १०० मिलीलिटरमागे ५० मिलीग्रॅम असून शिकाऊ, नव्या आणि व्यावसायिक चालकांसाठी ती अवघी २० आहे, तेव्हा पाहुण्यांच्या टॅक्सीची सोय आधीच विचारून ठेवावी.

खाद्यरंग कपड्यावर सांडला तर चोळू नये. कागदाने टिपून घ्यावा, थंड पाणी आणि थोडे व्हिनेगर लावून पुन्हा टिपावे, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत कपडा ड्रायरमध्ये टाकू नये. उष्णतेने तो डाग कायमचा बसतो. लाकडी मेजावर आधीच जुने वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचे आच्छादन घातलेले असेल तर एवढेही करावे लागत नाही.